अजबखान्याकडून ओळखीकडे : कैरोचे इस्लामी कलासंग्रहालय आणि मराठी वाचक

१

मराठीत ‘वस्तुसंग्रहालय’ हा शब्द स्थिरावण्यापूर्वी ‘अजबखाना’ हा शब्द प्रचारात होता. अरबी ‘अजब’ आणि फारसी ‘खाना’ यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या या शब्दात संग्रहालयाविषयीची एक विशिष्ट दृष्टी अनुस्यूत आहे. जे विलक्षण, जे आपल्या नित्याच्या अनुभवाबाहेरचे, ते पाहावयास तेथे जावयाचे, घटकाभर थक्क व्हावयाचे आणि घरी परतावयाचे. या दृष्टीने पाहणाऱ्याला आनंद मिळतो हे खरे. परंतु पाहिलेल्या वस्तूशी त्याचे कोणतेही नाते जडत नाही. आणि ज्या वस्तूशी नाते नाही ती उद्या नाहीशी झाली तर तिचा शोक करावयासही कोणी उरत नाही.

इस्लामी कलेच्या संग्रहालयांविषयीची आपली सर्वसाधारण वृत्ती आजही बहुतांशी अजबखान्याचीच आहे. मराठी भाषकांची वस्ती विरळ असलेल्या एका विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकविताना, ‘इस्लामी कला म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर काय येते?’ असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. मशीद, मिनार आणि कुराणाची सजविलेली प्रत अशी तीन उत्तरे आली. पेला, पेटी, परात, कापडाचा तुकडा, दिवा यांपैकी एकाही वस्तूचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. वस्तुतः अशा संग्रहालयांतील कितीतरी वस्तू याच जातीच्या असतात. त्या कोणाच्या तरी घरातल्या, दुकानातल्या, माजघरातल्या आहेत.

प्रस्तुत लेखात कैरो येथील इस्लामी कलासंग्रहालयाचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्यामागे एक विचार आहे. संग्रहालयाविषयी लोकजागृती करणे याचा अर्थ प्रेक्षकांची संख्या वाढविणे एवढाच नव्हे. तेथील वस्तूंना त्यांच्या नावाने हाक मारता येईल अशी स्थिती लोकांच्या मनात निर्माण करणे, हा तिचा खरा अर्थ होय. आणि या बाबतीत मराठी वाचक स्वतःला समजतो तितका परका नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

या संग्रहालयाचा जन्म एका संकटातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कैरो शहराचा कायापालट चालू होता. नवे रुंद रस्ते आखले जात होते आणि त्यांच्या वाटेत जुन्या वास्तू पडत होत्या. त्याच वेळी युरोपातील संग्राहकांना पौर्वात्य कारागिरीचा छंद जडला होता. परिणामी मशिदींतील दिवे, लाकडी नक्षीच्या फळ्या, पितळी तबके ही बाजारात येऊ लागली. इब्न तुलून मशिदीतील व्यासपीठ हे याचे ठळक उदाहरण आहे. मामलूक सुलतान लाजीन याने १२९६ मध्ये ते करविले होते. त्याच्या कोरीव फळ्या निखळून बाहेर गेल्या आणि त्यांतील काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

अशा परिस्थितीत खेदीव तौफीक याच्या कारकीर्दीत, १८८१ मध्ये, अरबी कलेच्या स्मारकांच्या जतनासाठी एक समिती नेमण्यात आली. ठिकठिकाणच्या पडक्या वास्तूंतून गोळा केलेल्या वस्तू अल्-हाकिम या अकराव्या शतकातील, त्या काळी भग्नावस्थेत असलेल्या मशिदीत ठेवण्यात येऊ लागल्या. आरंभी त्यांची संख्या शंभराच्या थोडी वर होती. संग्रह वाढत गेला, तशी मशिदीची जागा अपुरी पडू लागली आणि १९०३ मध्ये बाब अल्-खल्क या भागात स्वतंत्र इमारत उभी राहिली. मामलूक वास्तुशैलीचे अनुकरण करणाऱ्या या इमारतीत खालच्या मजल्यावर संग्रहालय आणि वरच्या मजल्यावर खेदीवी ग्रंथालय अशी योजना होती. खाली वस्तू, वर शब्द. साहित्याच्या अभ्यासकाला ही रचना मोठी अर्थपूर्ण वाटते. खालची वस्तू समजून घ्यावयाची तर वरचा ग्रंथ वाचावा लागतो. उलटपक्षी, ग्रंथातील पेला, दिवा आणि पडदा हे केवळ कविसंकेत नव्हते याची खात्री खालच्या मजल्यावर पटते.

माक्स हेर्त्स या हंगेरियन वास्तुविशारदाने या संग्रहाची पहिली शास्त्रशुद्ध मांडणी केली. पुढे अली बहगत या इजिप्शियन विद्वानाने फुस्तात येथे, म्हणजे कैरोच्याही पूर्वीच्या अरब राजधानीच्या जागी, १९१२ पासून उत्खनने केली आणि मातीत गाडलेल्या खापरांचा मोठा साठा उजेडात आणला. १९२६ ते १९५१ या काळात गास्ताँ विएत या फ्रेंच पंडिताकडे संग्रहालयाची धुरा होती. आज संग्रहात सुमारे एक लाख वस्तू आहेत. त्यांतील थोडाच भाग दालनांत मांडलेला असतो.

संग्रहालयाचे मूळ नाव मात्र ‘अरबी कलावस्तूंचे संग्रहालय’ असे होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते बदलून ‘इस्लामी कलासंग्रहालय’ असे करण्यात आले. हा बदल एका अर्थी न्याय्य होता, कारण संग्रहात इराणी आणि तुर्की वस्तूही होत्या आणि त्यांना ‘अरबी’ म्हणणे योग्य नव्हते. तथापि नव्या नावाने एक नवा गैरसमज जन्माला घातला.

३

‘इस्लामी कला’ ही संज्ञा कलेतिहासकारांनी सोयीसाठी वापरात आणली. स्पेनपासून दक्षिण-पूर्व आशियापर्यंत, सातव्या शतकापासून जवळजवळ आधुनिक काळापर्यंत, मुस्लिम राजवटींखाली किंवा मुस्लिमबहुल समाजात जे जे घडले त्या सर्वांना ती लावली जाते. म्हणजे ही संज्ञा धर्मवाचक कमी आणि संस्कृतिवाचक अधिक आहे. दारावरची पाटी वाचून आत शिरणारा प्रेक्षक मात्र ती धर्मवाचक समजतो. मुस्लिम प्रेक्षक श्रद्धेने दबून जातो, इतरेजन संकोचतात आणि पेल्याकडे पेला म्हणून पाहण्याचे दोघांचेही राहून जाते.

संग्रहातील प्रत्यक्ष वस्तू या पाटीपेक्षा कितीतरी ऐसपैस आहेत. फातिमी खलिफांच्या राजवाड्यातील लाकडी पट्ट्या पाहाव्यात. त्यांवर शिकारी, वादक, नर्तकी आणि मद्यपानाच्या मैफली कोरलेल्या आहेत. सजीवांच्या प्रतिमा इस्लामी कलेत नसतातच अशी जी सरसकट समजूत आहे, तिला या पट्ट्या मुकाट्याने छेद देतात. मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत प्रतिमा टाळली जाई. परंतु वाड्यात, स्नानगृहात, जेवणाच्या ताटलीवर ती मुक्तपणे वावरत असे. या पट्ट्या टिकल्या त्याची कथाही लक्षणीय आहे. राजवाडा गेला, वंश गेला. आणि १२८४-८५ मध्ये सुलतान कलाऊनने त्या जागी रुग्णालय, मदरसा व स्वतःची कबर यांचे संकुल उभारले, तेव्हा त्याच्या सुतारांनी जुने लाकूड पुन्हा वापरले. लाकूड महाग होते, म्हणून नर्तकी वाचल्या.

हीच गोष्ट फातिमी काळातील चकाकी दिलेल्या मृत्पात्रांची. या पात्रांचे तंत्र थोडक्यात असे : प्रथम भाजून, झिलई देऊन सिद्ध केलेल्या पात्रावर चांदीच्या व तांब्याच्या संयुगांनी नक्षी रंगवावयाची आणि मग ते धूर कोंडलेल्या मंद भट्टीत पुन्हा भाजावयाचे. प्राणवायूच्या अभावी त्या संयुगांतील धातू मोकळा होतो आणि झिलईवर त्याचा अतिसूक्ष्म थर बसतो. मातीचे भांडे सोन्यासारखे लखलखू लागते. आच थोडी अधिक झाली तर नक्षी काळवंडते, थोडी कमी झाली तर धातू उमटतच नाही. मुस्लिम इब्न अल्-दह्हान यासारख्या कुंभारांनी आपली नावे या पात्रांवर लिहून ठेवली आहेत. आणि याच तंत्राने घडविलेल्या एका भग्न पात्राच्या तुकड्यावर, जो या ‘इस्लामी’ संग्रहालयातच आहे, येशू ख्रिस्ताचे मुख रंगविलेले आहे. ते पात्र कोणासाठी घडले, कुंभार कोणत्या धर्माचा होता, हे प्रश्न त्या तुकड्यापुढे गौण ठरतात. एकाच शहरात, एकाच भट्टीत, सर्वांची भांडी भाजली जात होती एवढे तो तुकडा निःसंशय सांगतो.

४

आता या संग्रहालयाचे सर्वश्रेष्ठ वैभव असलेल्या वस्तूंकडे वळू. मामलूक काळातील, म्हणजे १२५० ते १५१७ या कालखंडातील, मिनाकारी केलेले काचेचे दिवे येथे जितके आहेत तितके जगात अन्यत्र एका ठिकाणी नाहीत. त्यांतील अनेक दिव्यांवर सुलतान हसन याचे नाव आहे. त्याची भव्य मदरसा-मशीद १३५६ ते १३६३ या काळात बांधली गेली आणि ती संग्रहालयापासून साधारण एका किलोमीटरच्या अंतरावर आजही उभी आहे.

पसरट गळा, फुगीर पोट आणि खाली बैठक असा या दिव्याचा घाट असतो. पोटाला काचेचेच कान असतात. त्यांत साखळ्या अडकवून तो छतापासून टांगीत. आतल्या लहान भांड्यात पाणी, त्यावर तेल आणि वात असे. फुंकून केलेल्या काचेवर रंगीत काचेची पूड तेलकट द्रावात कालवून लेखणीने वा कुंचल्याने लावीत, सोन्याचे काम करीत आणि दिवा पुन्हा भट्टीत घालीत. रंग वितळून अंगाशी एकजीव व्हावेत, पण मूळ दिवा मात्र वितळू नये, एवढ्या अरुंद वाटेने ती आच न्यावी लागे.

पुष्कळशा दिव्यांच्या गळ्यावर कुराणातील प्रकाशविषयक वचन लिहिलेले असते. त्या वचनात ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यातील दिव्याची आणि ताऱ्यासारख्या चमकणाऱ्या काचेची उपमा दिली आहे. म्हणजे ज्या वस्तूवर ते लिहिले आहे तीच वस्तू त्यातील उपमान आहे. दिवा पेटला की वचनातील दिवा अक्षरशः पेटे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाने या योजनेवर थोडा वेळ थांबावे. शब्द आणि वस्तू यांतील अंतर इतके कमी झाल्याची उदाहरणे साहित्यात फार आढळत नाहीत.

या दिव्याला अरबीत म्हणतात ‘किंदील’. मराठी वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या रात्री आपण ज्याला आकाशकंदील म्हणतो त्याचे अर्धे नाव सुलतान हसनच्या मशिदीतील छताशी टांगलेले होते. शब्दाचा प्रवास त्याही मागे जातो; अरबीत तो लॅटिनमधील मेणबत्तीवाचक शब्दापासून, ग्रीकच्या वाटेने आला. आपल्या जुन्या घरांतील ‘फाणस’ हा शब्दही मुळात अरबी ‘फानूस’ होय आणि रमजानमध्ये कैरोची मुले हातात घेऊन मिरवितात तो रंगीत दिवाही ‘फानूस’च. त्याचे मूळ ग्रीक आहे. उजेडाच्या साधनांची नावे कोणत्याही एका धर्माच्या वा भाषेच्या घरात मुक्काम करीत नाहीत असेच म्हणावे लागेल.

दिव्याच्या अंगावर अक्षरांखेरीज लहान वर्तुळांत काही चिन्हे दिसतात : कुठे पेला, कुठे तलवार, कुठे लेखणीची पेटी, कुठे चौकोनी रुमाल. ही मामलूक सरदारांची पदचिन्हे आहेत. गुलाम म्हणून विकत आणलेले तरुण दरबारात वाढत, पदे मिळवीत आणि प्रथम मिळालेल्या पदाचे चिन्ह अनेकदा जन्मभर मिरवीत. पेल्याचे चिन्ह ‘साकी’चे. तलवारीचे चिन्ह ‘सिलाहदारा’चे, म्हणजे शस्त्रे वाहणाऱ्याचे. लेखणीच्या पेटीचे चिन्ह ‘दवादारा’चे, म्हणजे सुलतानाची दौत सांभाळणाऱ्या सचिवाचे. रुमालाचे चिन्ह ‘जामदारा’चे, म्हणजे वस्त्रागार पाहणाऱ्याचे.

मराठी वाचक येथे क्षणभर थबकेल. ‘सिलाहदार’ म्हणजेच आपला ‘शिलेदार’. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा स्वार तो शिलेदार. मामलूक दरबारात सुलतानाची तलवार घेऊन उभा राहणारा अमीर तो सिलाहदार. ‘दवात’ म्हणजेच आपली ‘दौत’. ‘जामदार’ तर जशाचा तसा आहे; आपल्याकडे जामदारखाना होता आणि शिलेदार, जामदार ही आडनावे महाराष्ट्रात आजही आहेत.

हे शब्द कैरोहून थेट महाराष्ट्रात आले असे मात्र कोणी समजू नये. सेल्जूक व तत्पूर्वीच्या इराणी वळणाच्या दरबारांत पदांची ही परिभाषा घडली. तिची एक शाखा पश्चिमेस सीरिया-इजिप्तकडे गेली. दुसरी पूर्वेस दिल्लीकडे आणि तेथून दख्खनेत उतरली. बहामनी सत्ता १३४७ मध्ये स्थापन झाली आणि सुलतान हसनचे दिवे त्यानंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत कैरोत भट्टीतून निघाले. एकाच शब्दकुळातील दोन भावंडे दोन टोकांना, एकाच पिढीत, आपापले संसार मांडीत होती. आपण ज्या शब्दाला ‘आपला’ म्हणतो त्याचे सचित्र रूप कैरोच्या काचेवर आहे, ते या कारणाने.

५

आणखी एक वस्तू पाहून हा परिचय आटोपता घेऊ. सुलतान अल्-नासिर मुहंमद याच्या नावाची, पितळेची, चांदीचे जडावकाम असलेली एक षट्कोनी चौकी या संग्रहात आहे. १३२७-२८ मध्ये ती घडली आणि तिच्यावर मुहंमद इब्न सुन्कुर अल्-बगदादी या कारागिराचे नाव आहे. पितळेत खाचा खणून त्यांत चांदीची तार व पत्रा ठोकून बसविण्याचे हे काम. या चौकीला अरबीत म्हणतात ‘कुर्सी’. अरबीतही तो शब्द अधिक प्राचीन सेमिटिक भाषांच्या परंपरेतील आहे. कुराणात तो ईश्वराच्या आसनासाठी येतो. आणि मराठीत ‘खुर्ची’ होऊन तो कचेरीत बसला, पुढे राजकारणातही शिरला.

या जडावकामाची आठवण करून देणारी कला आपल्याकडे बिदरमध्ये आहे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूत चांदी बसवून, मग बिदर किल्ल्यातील विशिष्ट मातीच्या लेपाने धातू काळा करावयाचा आणि चांदी पांढरी ठेवावयाची, ही बिदरीची रीत. तंत्र तेच नव्हे, परंतु काळोखातून रेषा उजळविण्याची कल्पना एकच आहे.

धातूच्या भांड्यांच्या बाबतीत भारत आणि कैरो यांचे नाते केवळ साम्यापुरतेही नव्हते. फुस्तात येथील ज्यूंच्या प्रार्थनागृहात शतकानुशतके साठलेल्या जुन्या कागदपत्रांतून अब्राहम बेन यीजू नावाच्या व्यापाऱ्याची माहिती मिळते. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात तो मंगळूर येथे राहत होता आणि तेथे त्याचा धातुकामाचा कारखाना होता. एडनमधील त्याचे स्नेही फुटकीतुटकी तांब्या-पितळेची भांडी त्याच्याकडे धाडीत आणि हवी तशी नवी भांडी घडवून मागवीत. अमिताव घोष यांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन ॲन अँटीक लँड’ या ग्रंथामुळे ही हकीकत सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. फुस्तातच्याच मातीत गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे असंख्य तुकडे सापडले आहेत आणि ते आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत. अरबाच्या घरातील भांडे, ज्यू व्यापाऱ्याची मागणी, कन्नड-तुळू मुलखातील हात आणि गुजराती कापड. ‘इस्लामी कला’ या दोन शब्दांखाली किती माणसे उभी आहेत याची यावरून कल्पना यावी.

६

२४ जानेवारी २०१४ रोजी, शुक्रवारी सकाळी, या संग्रहालयासमोरील रस्त्यावर मोटारबाँबचा स्फोट झाला. रोख समोरच्या पोलीस मुख्यालयावर होता. त्यात किमान चार माणसे मृत्यू पावली. रस्त्याच्या अलीकडे असलेले संग्रहालय या हल्ल्यात आपोआप सापडले. छत कोसळले, काचपेट्या फुटल्या, जलवाहिन्या तुटून दालनांत पाणी शिरले. सुमारे १८० वस्तूंची हानी झाली. त्यांत अर्थातच काचेच्या दिव्यांचा समावेश होता. वरच्या बाजूच्या ग्रंथालयालाही झळ पोहोचली. सात-आठ वर्षे चाललेल्या नूतनीकरणानंतर संग्रहालय २०१० मध्ये कुठे पुन्हा उघडले होते.

साडेसहा शतके टिकलेली काच क्षणात फुटते, ही घटना कोणत्याही वाचकाला विषण्ण करील. पण तिचा विचार विषादापाशी थांबू नये. पुढची तीन वर्षे पुनःस्थापकांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचून, ओळखून, जुळवून नुकसान झालेल्या वस्तूंपैकी बहुसंख्य वस्तू पुन्हा उभ्या केल्या. जानेवारी २०१७ मध्ये संग्रहालयाचे दरवाजे उघडले. हे काम शक्य झाले ते निधीमुळे आणि शास्त्रामुळे. परंतु त्याहूनही ते वर्णनामुळे शक्य होते. दिव्यावर कोणती अक्षरे होती, कोणत्या क्रमाने होती, चिन्ह कोणते होते, हे आधी कोणीतरी वाचून लिहून ठेवलेले असेल तरच तुकड्यांना जागा सापडते. या संग्रहातील मिनाकारी दिव्यांची सूची विएतने १९२९ मध्येच प्रसिद्ध केली होती. वाचलेली वस्तू फुटली तरी पुरती हरवत नाही. न वाचलेली वस्तू अखंड असूनही हरवलेलीच असते.

७

लोकजागृतीचा प्रश्न येथे येऊन भिडतो. इजिप्तला जाणारा प्रवासी फारोंच्या वस्तू पाहावयास जातो. २०२५ च्या नोव्हेंबरात गिझाच्या पिरॅमिडांजवळ प्रचंड नवे संग्रहालय विधिवत खुले झाल्यापासून हा ओघ तिकडेच अधिक वळणार, हे उघड आहे. इस्लामी कलेच्या क्षेत्रातही कतारमधील दोहा येथे २००८ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाची कीर्ती मोठी आहे. त्याचा शिल्पकार आय. एम. पेई याला इमारतीचा आकार सुचला तो कैरोच्याच इब्न तुलून मशिदीतील कारंज्यावरून. दोह्याने जगभरातून उत्तमोत्तम वस्तू जमविल्या आणि समुद्रात त्यांच्यासाठी मंदिरासारखी वास्तू उभी केली. कैरोची गोष्ट निराळी आहे. तेथील कितीतरी वस्तू त्या शहराच्या गल्ल्यांतूनच आल्या आहेत. दिवा संग्रहालयात आहे आणि तो टांगावयाची मशीद चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ही जवळीक हेच त्याचे बळ आहे. परंतु ती कोणी समजावून सांगितली नाही तर प्रेक्षकाला दिसत नाही.

म्हणून जागृतीचा मार्ग जाहिरातीतून जात नाही, भाषेतून जातो असे माझे मत आहे. वस्तूखालच्या पट्टीवर ‘मामलूक, चौदावे शतक, मिनाकारीयुक्त काच’ असे लिहून भागत नाही. ती कशासाठी होती, कोणाच्या हातात होती, तिचे घरगुती नाव काय, तिच्यावर काय लिहिले आहे, एवढे सांगितले पाहिजे. आणि ते प्रेक्षकाच्या भाषेत सांगितले पाहिजे. शाळेतील मुलाला आधी दिवा दाखवावा आणि मग त्याची मशीद दाखवावी, म्हणजे वस्तू आणि जागा यांची मनात गाठ पडेल.

ही सूचना आपल्यालाही तितकीच लागू आहे. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय १९५१ पासून लोकांसाठी खुले आहे. विजापूरला गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमटच मुळी विजापूरची आठवण करून देतो. तेथील बिदरी हुक्का, दख्खनी चित्र किंवा फारसी हस्तलिखित यांपुढे उभा असलेला मराठी, कन्नड वा तेलुगू प्रेक्षक ‘हे आपले नव्हे’ असे मनाशी म्हणून पुढे सरकतो. त्याच्या तोंडातील तबक, सुरई, दौत, कंदील आणि खुर्ची हे शब्द मात्र त्याच काचपेटीतून आलेले असतात. भाषांच्या विभागांनी आणि संग्रहालयांनी एकत्र येऊन अशा शब्दांच्या छोट्या याद्या भारतीय भाषांमधून सिद्ध केल्या, प्रत्येक शब्दापुढे एक वस्तू दाखविली, तर फार मोठ्या खर्चावाचून पुष्कळ साधेल. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या जुन्या कोशांत आधीच आहे. त्यांत अशा शब्दांपुढे त्यांचे अरबी-फारसी मूळ दाखविलेले असते. केवळ वस्तू तेवढी जोडावयाची आहे.

कैरोस जाण्याचा योग सर्वांना येईल असे नाही. परंतु वाचकाने आपल्या गावापासून जवळ असलेल्या एखाद्या संग्रहालयात जाऊन, आजवर ज्या दालनातून तो घाईने निघून गेला त्या दालनात परत एकदा जावे. ‘दालन’ हा शब्दही फारसीच आहे. तेथील एका वस्तूचे नाव, उपयोग आणि तिच्यावरील अक्षरे एवढे जाणून घेऊन त्याने ते घरी दुसऱ्या कोणाला सांगितले, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे समजण्यास हरकत नाही.